मेडिचींच्या ओट्यावर एक अहेरीकर

फ्लॉरेन्समध्ये व्हिया कावूर नावाच्या रस्त्यावर मेडिची घराण्याचा जुना वाडा आहे. तळमजल्याच्या भिंतीचे दगड मुद्दाम ओबडधोबड ठेवलेत, त्याच्या वरच्या मजल्याचे बऱ्यापैकी सफाईदार आणि सगळ्यात वरचे एकदम गुळगुळीत. भिंतीच्या पायथ्याशी, रस्त्याच्या बाजूनं, लांबलचक दगडी ओटा बांधून काढलाय. उन्हानं दमलेले प्रवासी त्यावर बसून आइस्क्रीम खात होते. माझा भाचा म्हणाला, "बसा मामा. पाचशे वर्षांपूर्वी लोक इथंच ताटकळत बसायचे."

"कशासाठी?"

"भेटीसाठी. कुणाला पोराला चिकटवायचं असायचं, कुणाला घरपट्टी कमी करून हवी असायची, कुणाच्या पोरीच्या हुंड्याची अडचण असायची."

मी त्या ओट्यावरून हात फिरवला. कडा झिजून गोल झाल्या होत्या. किती जणांनी वर्षानुवर्षं इथं बूड टेकवलं असेल, हा विचार मला त्या वाड्यातल्या कुठल्याही सोनेरी छतापेक्षा जास्त भिडला. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीचा. आमच्याकडे कामासाठी कुणाच्या तरी दारात बसणं म्हणजे काय, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. बसणाऱ्याचे चेहरे मला न बघताही दिसत होते: हातात कागदाची सुरळी, पायात धुळीच्या चपला आणि आतून कुणी बाहेर आला की अर्धवट उठायचं.

इटलीला मी पोचलो तोही नात्याच्या जोरावरच, हे आधी सांगून टाकतो. भाचा तिकडे शिकायला आहे. तिकिटं त्यानं काढली, खोली त्याच्या मित्राची. हे वशिल्यात मोडत असेल तर मोडू दे.

मी समजत होतो की मेडिची म्हणजे राजे असणार. एवढा वाडा, एवढी चित्रं, पोपच्या गादीवर बसलेली घरची माणसं. पण कोझिमो मेडिची हा राजा नव्हता, सरदारही नव्हता. तो सावकार होता. त्याच्या बापानं, जोव्हानी दी बिच्चीनं, १३९७ साली फ्लॉरेन्समध्ये पेढी काढली आणि पोपच्या दरबाराचा पैसा हाताळत ती वाढवली. १४३३ साली विरोधकांनी कोझिमोला शहराबाहेर हाकललं. वर्षभरात, १४३४ मध्ये, तो परत आला आणि त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, शहर त्याच्या म्हणण्यानं चाललं. आणि या तीस वर्षांत शहराच्या सर्वोच्च पदावर तो बसला किती? तीन वेळा, आणि दर वेळी दोन दोन महिने! त्या पदाची मुदतच दोन महिन्यांची होती.

मग सत्ता चालायची कशी? तर शहराचं मंडळ चिठ्ठ्या काढून निवडलं जायचं. पात्र लोकांची नावं चामड्याच्या पिशव्यांत घालायची आणि सोडत काढायची. दिसायला याहून स्वच्छ काही नाही. खुबी एवढीच, की पिशवीत कुणाच्या चिठ्ठ्या घालायच्या हे ठरवणारे अधिकारी मेडिचींचे. आपल्याकडे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत बघायला जी गर्दी जमते, तिच्यातल्या जाणत्या म्हाताऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

पिशवी भरणारे अधिकारी मेडिचींचे झाले कसे, याचं उत्तर मात्र सोयरिकीत आहे. पॅजेट आणि अँसेल या दोन अमेरिकी संशोधकांनी १९९३ साली फ्लॉरेन्सच्या घराण्यांचा अभ्यास छापला. कुणाची पोर कुणाकडे दिली, कुणाचा धंदा कुणाबरोबर होता, कुणी कुणाला कर्ज दिलं, अशी सगळी नाती त्यांनी कागदावर रेघांनी जोडली. चित्र असं निघालं की मेडिचींनी लग्नं केली ती आपल्या वस्तीबाहेरच्या, जुन्या खानदानी घरांत. आणि धंदा केला तो आपल्या वस्तीतल्या नव्यानं वर आलेल्या लोकांशी. खानदानी घरं या नवश्रीमंतांना दारात उभं करत नव्हती. दोघांचा एकमेकांशी संबंध यायचा तो मेडिचींच्या मार्फतच. विरोधकांकडे पैसा होता, कूळही होतं. पण त्यांची नाती आपापसातच गुंतलेली. वेळ आली तेव्हा त्यांच्यातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मेडिचींकडे मात्र एका हाकेला माणसं धावली.

हे ऐकताना मला आमच्याकडची देवांची मोजणी आठवत होती. गोंडांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट असतात आणि सहा देववाल्याची सोयरीक सहा देववाल्यात होत नाही. पोर बाहेरच द्यावी लागते, सून बाहेरूनच आणावी लागते. याला शहरी माणूस जुनी रूढी म्हणून मोकळा होतो. पण दहा-वीस कोसांवर एखादं गाव आणि मधे साग, बांबू आणि नाले, अशा मुलखात हीच रूढी लांबलांबच्या गावांना एकमेकांत ओवते. भांडण झालं तर मिटवायला मधला पाहुणा असतो आणि लढाई झाली तर निरोप पोचवायलाही तोच असतो.

मेडिचींच्या सोयरिकीची एक गोष्ट तर मी भाच्याकडून दोनदा ऐकून घेतली. कोझिमोचा नातू लोरेन्झो याच्यासाठी रोमच्या ओर्सिनी घराण्यातली मुलगी बघायची ठरली. ओर्सिनी म्हणजे बडे जहागीरदार, पदरी फौजफाटा असलेले. १४६७ साली लोरेन्झोची आई लुक्रेत्सिया स्वतः रोमला गेली आणि मुलगी बघून नवऱ्याला पत्र लिहिलं. ते पत्र आजही वाचायला मिळतं. मुलगी उंच आहे, गोरी आहे, केसांत लालसर झाक आहे, चेहरा जरा गोल आहे, हात लांब आहेत, मान किंचित पुढे झुकते पण ती लाजेमुळे असावी. वाचणाऱ्याला वाटावं ही बाई आत्ता आपल्या शेजारच्या ओसरीवर बसून चहा पितेय! सगळं सांगून झाल्यावर आईसाहेब मुद्द्यावर येतातच: मुलीचा मामा कोण, बाप कोण, त्यांच्याकडे काय आहे. लग्न १४६९ साली झालं. फ्लॉरेन्सच्या सावकाराच्या घरात रोमचे जहागीरदार पाहुणे म्हणून आले आणि पोपच्या दाराचा एक अडसर निघाला.

दुसरा अडसर लोरेन्झोच्या मुलीनं काढला, म्हणजे तिला काढायला लावला. पोप आठवा इनोसंट याला लेक होता. (पोपला लेक कसा, हे विचारू नका. त्या काळी कुणी विचारत नव्हतं.) १४८८ साली लोरेन्झोनं आपली चौदा-पंधरा वर्षांची मादालेना या चाळिशीला टेकलेल्या जावयाला दिली. पुढल्याच वर्षी पोपनं लोरेन्झोच्या मुलाला, जोव्हानीला, कार्डिनल केलं. पोराचं वय तेरा! वय फारच कोवळं म्हणून तीन वर्षं ही गोष्ट जाहीर न करण्याची अट घातली होती म्हणे. हाच पोरगा १५१३ साली दहावा लिओ नावानं पोप झाला. दहा वर्षांनी, १५२३ मध्ये, त्याचा चुलतभाऊ सातवा क्लेमेंट म्हणून त्याच गादीवर बसला. आणि क्लेमेंटनं घराण्यातली कातेरीना १५३३ साली फ्रान्सच्या राजपुत्राला दिली, ती पुढे फ्रान्सची राणी झाली. पेढी काढल्यापासून राणी होईपर्यंत दीडशे वर्षं. बोर्जिया घराण्याचं गणित याहूनही सोपं होतं: मामा पोप झाला, त्यानं पंचविशीतल्या भाच्याला कार्डिनल केलं, आणि भाचा १४९२ साली सहावा अलेक्झांडर होऊन आपल्या अठरा वर्षांच्या पोराला कार्डिनल करून बसला. सगळीकडे नातं आधी, पात्रता मागून. मेडिचींची पात्रता मागून का होईना, आली, एवढा फरक.

वाड्यात वरच्या मजल्यावर एक छोटंसं प्रार्थनाघर आहे. एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात. तिन्ही भिंतींवर बेनोत्सो गोत्सोलीनं १४५९ साली काढलेली मिरवणूक आहे. विषय धार्मिक: बाळ येशूच्या दर्शनाला निघालेले तीन राजे. पण जवळ जाऊन चेहरे बघा. खेचरावर बसलेला म्हातारा कोझिमो आहे. पांढऱ्या घोड्यावर त्याचा मुलगा पिएरो. शेजारी घोड्यांवर मिलानच्या सत्ताधाऱ्याचा पोरगा आणि रिमिनीचा मालक, म्हणजे दोस्तराष्ट्रांचे पाहुणे. मागे गर्दीत टोप्याटोप्यांची रांग, तीत घरची लहान मुलं. आणि एका टोपीच्या काठावर चित्रकारानं स्वतःचं नाव लिहून टाकलंय. मला एकदम दसऱ्यातला चौकातला फ्लेक्स आठवला: मधे नेते, बाजूला वडील, खाली पाहुणे, एका कोपऱ्यात गोल चौकटीत शुभेच्छुक. भाच्याला म्हटलं, "अरे, देवाच्या नावावर सगळं घराणं चढवून टाकलं की यांनी." तो म्हणाला, "मामा, हळू बोला, इथं बाई आहे." चौकीदार बाईला मराठी येत नसावी, पण मी गप्प बसलो.

आता आमच्याकडचं सांगतो. फ्लॉरेन्सवाल्यांना आपल्या घराण्याचं जेवढं कौतुक, तेवढंच आम्हाला आमच्या राजांचं. फरक इतकाच की त्यांच्याकडे सगळं फलकावर लिहिलेलं आहे आणि आमच्याकडे ते बाजारात, बसस्थानकावर, पाहुण्यांच्या बैठकीत बोललं जातं.

अहेरीचे आत्राम हे गोंड घराणं. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांशी त्यांचं लग्नाचं नातं होतं आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या नात्यावरच अहेरीची जमीनदारी त्यांच्याकडे आली. इंग्रजांच्या दफ्तरात चांदा जिल्ह्याच्या जमीनदारांत पहिला मान यांचाच आहे, कारणही तेच दिलंय: राजघराण्याशी सोयरीक. जमीनदारी म्हटलं तर डोळ्यांपुढे दहा-पंधरा गावं येतात. अहेरीचा पसारा सुमारे २,६०० चौरस मैल होता, आणि त्यातलं बहुतेक सगळं सागाचं जंगल. फ्लॉरेन्सचं सारं शहर आलापल्लीच्या एखाद्या वनपरिक्षेत्रात हरवून जाईल. १७५१ च्या सुमारास नागपूरच्या भोसल्यांनी चांद्याचं गोंड राज्य संपवलं, पण अहेरी टिकली. भोसले गेले, इंग्रज आले, अहेरी टिकली. कशी टिकली, याचं एक पान १८५८ सालचं आहे आणि ते आमच्याकडे फार हळू आवाजात वाचलं जातं.

मोलमपल्लीचे बाबुराव पुल्लेसूर शेडमाके हे अहेरी जमीनदारीच्या मुलखातलेच. जन्म १८३३ चा, आमच्याच तालुक्यातल्या किष्टापूरचा. रायपूरला शाळेत शिकून आलेला हा तरुण पंचविशीत इंग्रजांवर उलटला. गोंड, माडिया, रोहिले गोळा करून त्यानं जंगोम सेना उभी केली. अडपल्ली आणि घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. एप्रिल १८५८ च्या अखेरीला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन हादरला. फौज घेऊन या जंगलात बाबुरावांना शोधणं म्हणजे गवतात सुई शोधणं. तेव्हा त्यानं दुसरा रस्ता धरला. अहेरीची जमीनदारी तेव्हा राणी लक्ष्मीबाईंच्या हाती होती. तिला त्यानं बजावलं की बाबुरावला पकडून द्या, नाहीतर तुमची जमीनदारी राहत नाही.

लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबुरावांना पकडलं. १८ सप्टेंबर १८५८ ला ते इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. व्यंकटराव बस्तरच्या जंगलात निसटला, पण १८६० मध्ये बस्तरच्या राजानं त्यालाही धरून दिलं. त्याची अडपल्ली आणि घोटची जमीनदारी, सदुसष्ट गावं, सरकारनं बक्षीस म्हणून लक्ष्मीबाईंना दिली.

मला या प्रकरणात लक्ष्मीबाईंना नुसतं खलनायिका करून टाकणं पटत नाही. एकीकडे तोफा, दुसरीकडे आपल्याच मुलखातला पोरगा, मधे पूर्वजांची गादी. मेडिचींपैकी कुणीही हाच हिशोब केला असता, आणि कविराजांनी त्याला मुत्सद्दीपणा म्हटलं असतं. पण हिशोब कितीही समजून घेतला तरी त्याची बाकी दुसरीकडेच निघाली. आज गडचिरोली-चंद्रपुरात शेडमाकेंचे पुतळे आहेत, २००९ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं, पोरं बारशापासून त्यांचं नाव ऐकतात. लक्ष्मीबाईंचं नाव मी दहा जणांना विचारलं तर नऊ जण झाशीला पोचतात.

फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चमध्ये, त्या जगप्रसिद्ध घुमटाखाली, उभा राहून हे सगळं डोक्यात चाललं होतं. इथंच २६ एप्रिल १४७८ ला, रविवारची प्रार्थना चालू असताना, पात्सी घराण्याच्या माणसांनी लोरेन्झो आणि त्याचा भाऊ जुलियानो यांच्यावर खंजीर चालवले. जुलियानो जागीच गेला. लोरेन्झो मानेवरची जखम धरून बाजूच्या खोलीत शिरला आणि दार लावून वाचला. पात्सी कुणी परके होते का? लोरेन्झोची सख्खी बहीण बियांका पात्सींच्या घरात दिलेली! त्या दुपारपासून शहरात सूड सुरू झाला. कटातल्या आर्चबिशपला नगरवाड्याच्या खिडकीतून फासावर लटकावलं. म्हातारा याकोपो पात्सी पळाला, त्याला पकडून फाशी दिलं, पुरलं, पुन्हा उकरून काढलं आणि शेवटी त्याचं प्रेत आर्नो नदीत फेकलं. पात्सींचं आडनाव आणि त्यांची चिन्हं शहरातून खरवडून काढायचा हुकूम निघाला. बियांकाचा नवरा तेवढा वाचला, मेव्हणा होता म्हणून. त्याला फक्त शहराबाहेर घालवलं.

नदीचं नाव निघालं आणि मी दचकलो, कारण आमच्याकडेही नदी मधे आली होती. तिचं सांगण्याआधी थोडा मागचा धागा जोडतो.

१९५१ साली जमीनदाऱ्या संपल्या. कागदावर राजे संपले. पण लोकांच्या तोंडचं 'राजे' गेलं नाही, आणि मतदान आलं तेव्हा ते नाव चिठ्ठीवर आलं. राजे विश्वेश्वरराव आत्राम १९७७ साली चंद्रपुरातून लोकसभेवर गेले. वेगळ्या विदर्भासाठी त्यांनी नाग विदर्भ आंदोलन समिती काढली. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांत आदिवासींची गावं बुडणार म्हणून बाबा आमटे उभे राहिले तेव्हा राजे त्यांच्या बरोबर होते. पुढे त्यांचे चिरंजीव सत्यवानराव आमदार झाले. त्यांच्यानंतर नातू अम्ब्रिशराव २०१४ साली भाजपचे आमदार आणि आदिवासी विकास खात्याचे राज्यमंत्री झाले. घराण्याच्या दुसऱ्या पातीतले धर्मरावबाबा आत्राम अनेकदा आमदार झाले, मंत्री झाले. १९९१ मध्ये नक्षलवाद्यांनी त्यांचं अपहरण केलं होतं, त्यातून सुटून ते पुन्हा राजकारणात उभे राहिले, ही गोष्ट आमच्याकडे विरोधकही मान खाली घालून सांगतात. २००९ साली दीपक आत्राम अपक्ष निवडून आले. तिथंही आडनाव आत्रामच.

पक्ष कोणते, हे मी मुद्दाम मोजत बसत नाही. नाग विदर्भ, काँग्रेस, राष्ट्रवादी, भाजप, अपक्ष. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं घराणं पक्ष बदलतं. आमच्या चौकातल्या पानठेल्यावर याच्या उलट बोलतात: पक्ष येतात आणि घराणं निवडतात. मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव, गावं जंगलात विखुरलेली. नागपूर-मुंबईच्या पक्षाला इथं गावागावात ओळखलं जाणारं एक नाव हवं असतं, आणि ते नाव तयार मिळतं. मेडिचीही पोपच्या, फ्रान्सच्या, सम्राटाच्या बाजूनं फिरत राहिले. तिथं बदलला तो पाठीराखा, घर नाही.

मात्र ओळखीचं नाव एकाच घरात असलं की लढाईही त्याच घरात येते. २०२४ च्या विधानसभेला अहेरीत या घरातले तिघं उभे राहिले: धर्मरावबाबा अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून, त्यांची कन्या भाग्यश्री शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून, आणि पुतणे अम्ब्रिशराव अपक्ष. निवडणुकीआधी अहेरीच्या सभेत अजित पवारांनी, जे स्वतः काकांपासून वेगळे झालेले, भाग्यश्रीताईंना घर फोडू नका असा जाहीर सल्ला दिला. त्याच दिवसांत धर्मरावबाबांनी भर सभेत मुलगी आणि जावयाला प्राणहितेत फेकून द्या असं म्हटलं, आणि ते वाक्य टीव्हीवर राज्यभर फिरलं. आर्नोत खरंच प्रेत गेलं होतं. प्राणहितेत गेला तो फक्त शब्द. पाच शतकांत एवढी प्रगती झाली, हे मी अजिबात थट्टेनं म्हणत नाही. मतपेटीनं खंजीर काढून घेतला. निकालात धर्मरावबाबा सोळा हजारांहून जास्त मतांनी निवडून आले, पुतणे दुसरे, लेक तिसरी. पहिल्या तिघांत घराबाहेरचा कुणीच नाही.

मेडिचींतही शेवटी चुलत पातीच आली. १५३७ साली फ्लॉरेन्सचा ड्यूक अलेस्सांद्रो याला त्याच्याच नात्यातल्या लोरेन्झिनोनं ठार केलं. थोरली पाती संपली. तेव्हा शहरातल्या बड्यांनी धाकट्या पातीतला सतरा वर्षांचा कोझिमो आणला, पोरगा आपल्या मुठीत राहील या हिशोबानं. त्याची आई थोरल्या पातीतल्या लोरेन्झोची नात, म्हणजे दोन्ही फांद्या याच्यात जुळलेल्या. पोरगा कुणाच्याच मुठीत राहिला नाही. त्यानं दोन पिढ्यांची भांडणं मोडून काढली आणि आपल्या कारभाराची कचेरी बांधायला घेतली. आज जगातली सगळ्यात प्रसिद्ध चित्रं जिथं रांगा लावून बघतात ती उफित्सी म्हणजे तीच कचेरी. १५६५ साली पोराच्या लग्नाच्या निमित्तानं त्यानं या कचेरीपासून नदीपलीकडच्या राजवाड्यापर्यंत पुलावरच्या दुकानांच्या डोक्यावरून बंद रस्ता बांधून घेतला, पाच महिन्यांत. घरच्या माणसांना रस्त्यावरच्या लोकांत चालावं लागू नये म्हणून! त्याच्या आजोबा-पणजोबांच्या वाड्याबाहेर निदान ओटा होता.

१७३७ साली शेवटचा मेडिची ड्यूक गेला. मागे राहिली एक बहीण, आन्ना मारिया लुइसा. मूलबाळ नव्हतं. राज्य परक्या घराण्याकडे जाणार हे ठरलेलंच होतं. तिनं करार केला: आमच्या घराण्याची चित्रं, पुतळे, पुस्तकं, दागिने सगळं या राज्याला देते, अट एकच, यातलं काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. म्हणून मी आज तिकीट काढून तिच्या पूर्वजांची पत्रं, चित्रं, ओटा बघू शकलो. तीन शतकं कुणी कुणाशी सोयरीक करून काय मिळवलं, याचा सगळा हिशोब शहराकडे आहे, आणि तो हिशोब तिथं कुणी लपवत नाही. १४२७ साली शहरानं घरटी माणसं, त्यांची वयं, जमीन, कर्ज यांची नोंद करून घेतली, ते कागदसुद्धा जपलेले आहेत. नोव्हेंबर १९६६ मध्ये आर्नोला महापूर आला, ग्रंथालयांत चिखल शिरला. तेव्हा ठिकठिकाणचे तरुण तरुणी येऊन एक एक पान धुऊन वाळवत बसले.

आमच्याकडे परधान किंगरीवर गोंड घराण्यांच्या वंशावळी गातात. मी लहानपणी ऐकल्यात, आणि ऐकताना कंटाळून झोपलोही असेन. कुणाची आई कुणाची लेक, कोणता सगा कुठून आला, कोणत्या लढाईत कोण कुणाच्या बाजूनं होतं, हे त्यांना पाठ असतं. ही आमची पत्रं. पण गाणारे थकत चाललेत आणि ऐकणारे मोबाइलमध्ये आहेत. चांद्याच्या गोंड राजांपासून २०२४ च्या निवडणुकीपर्यंत नात्यानं या मुलखात काय घडवलं आणि काय बिघडवलं, हे गोडवे न गाता आणि शिव्याही न देता लिहायचं तर आधार लागेल, आणि तो आधार गावोगावच्या पेट्यांत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे.

म्हणून अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड, मुलचेरा इथल्या वाचकांना एक विनंती. घरात जुनी सनद, कौलनामा, जमीनदारीच्या वसुलीची वही, लग्नाच्या देवघेवीची यादी, मोडीतला न वाचता येणारा कागद, काहीही असेल तर तो रद्दीत घालू नका. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातल्या पोरांनी परधानांच्या वंशावळी आवाजासकट टिपून घ्याव्यात. मूळ कागद कुणाला द्यायचा नसेल तर देऊ नका. निदान त्याचे मोबाइलवर स्वच्छ उजेडात फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. आणि ते काम पावसाळ्याआधी करा, प्राणहिता आणि पर्लकोटा चढल्या की मग कागदापर्यंत पोचता येत नाही.